टोचणे, झोंबणे, सलणे : एक तौलनिक अर्थविचार

मसाल्याची चव आणि काट्याचे टोक या दोन भिन्न अनुभवांना इंग्रजी शब्दसंग्रहात एकच प्रतिमा जोडते. लवंगेसाठीचा ‘क्लोव्ह’ हा शब्द ‘खिळा’ या अर्थाच्या लॅटिन ‘क्लावुस’वरून आला, तो तिच्या आकारामुळे. चवीच्या विशेषणांत हे नाते अधिक खोल आहे. ‘टोचणे’ या अर्थाच्या ‘पुंगेरे’ या लॅटिन धातूपासून ‘पंजंट’ हा शब्द थेट, तर ‘पॉयनंट’ फ्रेंचमार्गे सिद्ध झाला. वनस्पतिशास्त्रात ताठ, अणकुचीदार टोकाच्या पानाला ‘पंजंट’ म्हणतात. व्यवहारात मात्र तो शब्द मुख्यतः उग्र वास व चव यांसाठी रूढ आहे. ‘पॉयनंट’ हा एकेकाळी टोक, चव आणि वेदना या तिन्हींना लागू पडे. चौदाव्या शतकात चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात तो फ्रँकलिनच्या आवडत्या झणझणीत सॉससाठी योजला, आज तो प्रामुख्याने करुण भावाचा वाचक आहे.

मराठीतील ‘तिखट’ हा शब्दही ‘तीक्ष्ण’पासून, म्हणजे धारेपासूनच निघतो; ‘तिखट कान’ या प्रयोगात तो मूळ अर्थ टिकून आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची आल्यावर पुढे तिच्या पुडीलाच ‘तिखट’ हे नाम मिळाले. परंतु हा शब्द दुःखापर्यंत पोहोचला नाही. मिरची आणि वर्मी लागणारे बोलणे ही दोन्ही ‘झोंबतात’. या क्रियापदाचे नाते ‘झोंबी’शी आहे, त्यात टोचणे नसून अंगाशी भिडणे आहे. दुःखासाठी मराठीने ‘शल्या’पासून आलेला ‘सल’ राखून ठेवला. झोंबणे तत्काळ असते. सलणे म्हणजे आत राहिलेल्या काट्याचे दीर्घकाळ जाणवत राहणे.

‘पॉयनंट’साठी ‘हृदयस्पर्शी’ हा सरसकट पर्याय योजण्याची मर्यादा येथे स्पष्ट होते. स्पर्शाला टोक नसते. त्यामुळे मूळ शब्दातील बोच अनुवादात बोथट होते, आणि चॉसरच्या संदर्भात तर तो पर्याय निरर्थक ठरतो. तेथे ‘झणझणीत’, आधुनिक शोकानुभवात ‘सलणारे’ आणि आघात ताजा असेल तेथे ‘चटका लावणारे’ असा विवेक आवश्यक आहे. कोशातील समानार्थ वर्तमान अर्थ सांगतो; शब्दाने मागे टाकलेले अर्थ ओळखून पर्याय निवडण्याची जबाबदारी अनुवादकावरच येते.