भंगारातली बैठक आणि तिचं प्रयोजन

सोनई म्हणजे ऊसपट्टा. ट्रॅक्टरची सीट आपल्याला काही नवी नाही. इटलीच्या कास्तिल्योनी बंधूंनी १९५७ मध्ये ट्रॅक्टरचीच सीट घेऊन स्टूल केलं. नाव ‘मेझाद्रो’, म्हणजे अर्धलीने शेती करणारा. सीटखाली लवचिक पोलादी पट्टी, तोलाला आडवं लाकूड. बस्स! पुढे १९८१ मध्ये लंडनला रॉन अराडने रोव्हर मोटारीची भंगारातली सीट पाइपांवर बसवली. दोन्हीकडे सीटचं प्रयोजन शाबूत आहे, हे लक्षात घ्या.

आता काचेखाली गिअर ठेवलेलं टेबल घ्या. त्याचे दाते कशातच अडकत नाहीत. ती नुसती शोभा. आमचं म्हणणं एवढंच: सुटा भाग वेल्डिंगवाल्याकडे नेण्याआधी विचारा, हा इथे काय काम करणार? उत्तर मिळालं नाही, तर तो भंगारात विकलेला बरा. वितळून निदान कामाला तरी येईल.