चित्राचा चौक : हेलिओ ओइतिसिका यांची रंगवास्तू

भौमितिक अमूर्त चित्र मोठे करून मैदानात उभे केले म्हणजे लोकशिल्प सिद्ध होत नाही. ब्राझीलचे कलावंत हेलिओ ओइतिसिका (१९३७–१९८०) यांच्या कलाप्रवासातून हा भेद स्पष्ट होतो. १९५७–५८ च्या ‘मेटास्केमा’ चित्रमालिकेत पुठ्ठ्यावरील आयत आपल्या जागेवरून किंचित ढळलेले आहेत. त्यामुळे त्यांमधील रिक्त अवकाशही सचेतन होतो. पुढे ‘ग्रांदे नूक्लेओ’ (१९६०–६६) या रचनेत रंगीत फलक छतापासून टांगले गेले आणि तोच रिक्त अवकाश प्रेक्षकाची वाट झाला. डोळ्यांनी जुळवावयाची रचना आता पायांनी जुळवावी लागते. ओइतिसिकांचे खरे कर्तृत्व या संक्रमणात आहे.

१९७७ मध्ये त्यांनी योजिलेला ‘मॅजिक स्क्वेअर क्र. ५’ त्यांच्या मृत्यूनंतर मिनास जेराइस राज्यातील इन्योतिम कलाउद्यानात उभारला गेला. उघड्या आकाशाखालील त्या उंच रंगीत भिंतींत कोणतेही एक दर्शनस्थान अंतिम नाही. शीर्षकातील इंग्रजी शब्दाला चौरस आणि चौक असे दोन्ही अर्थ आहेत. (मराठीतील चौक तर पूजेसाठी भरलाही जातो आणि वाड्यात मोकळाही राहतो.) परंतु हा चौक कोणाचा? १९६५ मध्ये ओइतिसिकांची ‘पारांगोले’ ही रंगीत वस्त्रे पांघरून आलेल्या मांगेइरा वस्तीतील सांबा-नर्तकांना रिओच्या आधुनिक कलासंग्रहालयात मज्जाव झाला. त्यांचे नृत्य बाहेर मोकळ्यावर झाले. राखलेल्या उद्यानातील भिंतींपेक्षा त्या नाचत्या देहांतच चित्राचे लोकशिल्प अधिक पूर्णत्वाने झाले होते, असे म्हणावे लागते.