डिजिटल एस.एल.आर. : चित्रासाठी की मोजमापासाठी?

अनेक शाळांतून आज एखादा डिजिटल एस.एल.आर. कॅमेरा असतो. स्नेहसंमेलन आणि पारितोषिक वितरण झाले की तो पुन्हा मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो. हे यंत्र प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवण्याच्या योग्यतेचे आहे का, असा प्रश्न मनात धरून आम्ही कॅननचा ई.ओ.एस. १५०० डी हा कॅमेरा त्याच्या १८-५५ मिलिमीटर भिंगासह तीन आठवडे वापरला. हा नवशिक्यांसाठीचा कॅमेरा २०१८ साली बाजारात आला. आमच्या हातांना मात्र तो नवा होता. छायाचित्रकार त्याची परीक्षा चित्रांवरून करील. विज्ञानशिक्षकाची कसोटी निराळी हवी. हे यंत्र आपले काम उघड करून दाखवते की झाकून ठेवते?

पहिल्या भेटीत तो मन जिंकतो. भिंग काढताच ४५ अंशांत बसवलेला आरसा दिसतो. भिंगातून आलेला प्रकाश या आरशावरून वर वळतो, आणखी परावर्तने होऊन सुलट होतो आणि नेत्रिकेतून डोळ्यापर्यंत पोचतो. महागड्या कॅमेऱ्यांत वरचे काम काचेचा भरीव पंचकोनी लोलक करतो. येथे त्याजागी आरसे जोडले आहेत. वजन वाचते, पण प्रत्येक आरसा थोडा प्रकाश गिळतो. शिवाय नेत्रिकेत चौकटीचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि नेत्रिका क्षणभर काळी पडते. म्हणजे चित्रात उमटलेला क्षण नेमका आपण पाहिलेलाच नसतो! वर्गात सांगण्याजोगी ही गोष्ट आहे. (आरशाला बोट लावू देऊ नका, आणि धुळीत भिंग काढू नका.)

भिंगाबाबत मात्र आमची निराशा झाली. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या भिंगावर अंतराची पट्टी असे आणि छिद्राचे आकडे कोरलेले कडे असे. विद्यार्थी ते फिरवून पाहू शके. या भिंगावर दोन्ही नाही. छिद्राचा आकडा पडद्यावर उमटतो आणि चाकाने बदलतो. तरी त्याचा अर्थ फळ्यावर मांडता येतो : नाभीय अंतर ५५ मिलिमीटर आणि आकडा ५.६, तर भागाकार सुमारे १० मिलिमीटर, हाच छिद्राचा व्यास. आकडा वाढला की छिद्र लहान का होते, हे मग पाठ करावे लागत नाही.

जाहिरातीत ठळक छापतात तो आकडा २४ मेगापिक्सेलचा. चित्रात ६००० गुणिले ४००० म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपके असतात, हे खरे. पण संवेदकाला स्वतःला रंग कळत नाहीत. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या युक्तीचे पेटंट मिळाले, तीच येथे आहे. निम्म्या ठिपक्यांवर हिरवी गाळणी, पाव ठिपक्यांवर लाल आणि पाव ठिपक्यांवर निळी. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने ठरवले जातात. आपल्याला दिसणाऱ्या रंगीत चित्रातील दोन-तृतीयांश आकडे असे अंदाजाने भरलेले असतात. अंदाज उत्तम असतो, पण तो मोजमाप नव्हे.

मग मोबाईलच्या ४८ मेगापिक्सेलपेक्षा हा कॅमेरा चांगला कशाने? ठिपक्याच्या आकाराने. येथे संवेदकाची रुंदी २२.३ मिलिमीटर आहे. ती ६००० ठिपक्यांत वाटली की एकेकाच्या वाट्याला सुमारे ३.७ मायक्रोमीटर येतात. मोबाईलच्या अशा संवेदकात हा आकडा ०.८ च्या आसपास असतो. क्षेत्रफळ वीसपट! पावसात ठेवलेले घमेले आणि वाटी यांत जो फरक, तोच हा. दहा हजार प्रकाशकण मोजले तर मोजणीत स्वाभाविक चढउतार सुमारे शंभरांचा, म्हणजे एक टक्का. शंभरच मोजले तर दहाचा, म्हणजे दहा टक्के. अंधारात काढलेले चित्र दाणेदार दिसते ते मुख्यतः यामुळे. आय.एस.ओ. वाढवून प्रकाश वाढत नाही, मोजलेल्याचा आवाज तेवढा मोठा होतो.

आमचा मुख्य आक्षेप स्वयंचलित पद्धतीवर आहे. छिद्र, शटरचा वेळ आणि आय.एस.ओ. या तिन्हींचा निर्णय कॅमेरा घेतो आणि विद्यार्थी फक्त बटण दाबतो. चित्र चांगले येते, हीच अडचण! शिकण्यासारखे काही उरत नाही. चकती 'एम' या अक्षरावर आणा, की हेच यंत्र प्रयोगाचे साधन होते.

एक प्रयोग करून पाहा. काळ्या पडद्यापुढे पांढरा चेंडू सोडा, शेजारी त्याच प्रतलात मीटरपट्टी उभी करा, कॅमेरा तिकाटण्यावर आडवा न ठेवता उभा बसवा आणि शटर १/६० सेकंदावर ठेवा. चेंडूची रेघ उमटेल. रेघेच्या लांबीतून चेंडूचा व्यास वजा करून १/६० ने भागले की वेग मिळतो. सव्वा मीटर पडल्यावर वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर, म्हणजे हे अंतर ८ सेंटिमीटरहून थोडे अधिक यावे. बटण अचूक क्षणी दाबायची गरज नाही. रेघ कुठेही उमटली तरी तिच्या मध्यापर्यंतचे पडलेले अंतर मोजता येते. अशा दहा चित्रांवरून वेगाचा वर्ग आणि अंतर यांचा आलेख काढा. सरळ रेषा येईल, आणि तिच्या चढाच्या निम्मे म्हणजे गुरुत्वत्वरण. टिकर-टायमर नसलेल्या शाळेत याची किंमत वेगळी सांगायला नको.

अलीकडे कंपन्यांचा भर बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर आहे. म्हणून केवळ या प्रयोगांसाठी नवा एस.एल.आर. घ्या, असे आम्ही सांगणार नाही. पण शाळेत तो असेलच, तर त्याची किल्ली विज्ञानशिक्षकाने मागून घ्यावी, आणि चकती 'एम'वर ठेवूनच तो मुलांच्या हाती द्यावा. पहिली काही चित्रे पांढरीफटक किंवा काळीकुट्ट येतील. का आली, हे मुलांनाच शोधू द्या. धडा तेथेच सुरू होतो.