ग्वाल्हेरचे साक्षीदार

ऐतिहासिक वास्तू आणि वस्तुसंग्रहालये ही भूतकाळाची साक्षीदार होत, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण साक्षीदार म्हटला की त्याची उलटतपासणीही आलीच. ग्वाल्हेरला जाणारा मराठी प्रवासी ती क्वचितच करतो. तो थेट जयविलास राजवाड्यात शिरतो आणि तेथील झुंबरे पाहून, शिंद्यांच्या वैभवाने धन्य होऊन परततो.

हा राजवाडा जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधविला; १९६४ पासून त्याचा काही भाग संग्रहालय म्हणून लोकांस खुला आहे. मेजवानीच्या मेजावर रुळांवरून मद्य व सिगार फिरविणारी चांदीची आगगाडी हे तेथील मोठे आकर्षण. ती अवश्य पाहावी. परंतु घराण्याच्या वाड्यात घराण्यानेच मांडलेली ही साक्ष हितसंबंधी साक्षीदाराची आहे. अशी साक्ष न्यायालय त्याज्य मानीत नाही. तिला अन्यत्र पुष्टी मात्र शोधते. यजमानाचे ऐश्वर्य त्या मेजावरून कळते, ज्या रयतेच्या साऱ्यावर ते पोसले तिचे जिणे कळत नाही. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरींपुढे उभे राहिले असताही हीच उणीव जाणवते.

आता किल्ल्याच्या चढावरील चतुर्भुज मंदिर पाहा. एकाच खडकात कोरलेल्या या लहानशा देवळात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन आणि रोजच्या ५० माळांची तजवीज, असा त्यातील मजकूर. म्हणजे साधे दानपत्रच! पण २७० आणि ५० या आकड्यांतील शून्ये भारतातील सर्वांत जुन्या लिखित शून्यांपैकी आहेत. लेख कोरणाऱ्यास गणिताचा मोठेपणा सांगावयाचा नव्हता; म्हणूनच त्याची साक्ष इतकी निर्मळ वाटते.

किल्ल्याच्या पायथ्याशी मानसिंह तोमराने बांधलेला गुजरी महाल आहे. १९२२ साली तेथे पुरातत्त्व संग्रहालय उभे राहिले ते संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या परिश्रमांनी. ग्यारसपूरची हातपाय भंगलेली शालभंजिका येथेच आहे. तिच्या स्मितापाशी सारे थबकतात. मात्र देवळापासून तुटलेल्या मूर्तीला तिचे गाव आणि तिची जागा परत मिळवून देणे हे संग्रहालयाचे पहिले कर्तव्य होय. त्या कसोटीवर येथील सर्वांत मोलाचा ऐवज आम्हांस वाघ लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृतींचा वाटतो. नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती चित्रकारांनी १९२१ च्या सुमारास संस्थानच्या वतीने त्या उतरवून घेतल्या. लेण्यांतील मूळ चित्रे पुढे फारच विटली. मूळ दस्तऐवज नष्ट झाला की त्याची विश्वासू नक्कल पुराव्यात घेतात. येथे नेमके तेच घडले आहे.

मराठी माणसाला ग्वाल्हेरात अभिमानच बाळगावयाचा असेल, तर तो गर्द्यांच्या या उद्योगाचा बाळगावा. झुंबरे धन्याची श्रीमंती सांगतात. गर्द्यांनी जपलेले दगड आणि रंग आपले स्वतःचे नाव पुढे न करता, दुसऱ्याची हकीकत सांगतात.