यात्रिक आणि वारकरी : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एकनिष्ठेचा विचार

प्रपंचाच्या गजबजाटात ख्रिस्ती भक्ताने आपले चित्त ख्रिस्ताच्या ठायी स्थिर कसे ठेवावे, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती वाङ्मयात प्रवासाच्या रूपकातून मांडलेला आढळतो. जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) ह्या रूपककथेचे हरि केशवजी ह्यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ साली प्रसिद्ध झाले. पुढे नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंगाच्या छंदात आणली. ह्या दोहोंत एकनिष्ठेची कल्पनाच पालटली आहे, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

बन्यनचा यात्रिक विनाशाचे नगर सोडून निघतो, तेव्हा बायकामुले त्यास हाका मारतात आणि तो कानांत बोटे घालून धावत सुटतो. पुढे त्याची वाट एका बाजारातून जाते. तेथे मानमरातब, पदव्या, सुखोपभोग असे सर्व काही विक्रीस मांडलेले असते. यात्रिक त्यांतील काहीच घेत नाही, म्हणून त्याचा छळ होतो व त्याचा सोबती प्राणास मुकतो. बाजार चुकवून जाणारी आडवाट बन्यन दाखवीत नाही, हे त्याच्या दृष्टीचे सामर्थ्य होय. तथापि येथे एकनिष्ठा म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे, एवढाच अर्थ प्रधान राहतो.

मराठी मनात मात्र यात्रा म्हटली की वारी उभी राहते. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरच्या वाटेने जाताना काटेवाडीस थांबते. तेथे परीट मंडळी तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती रिंगणात धावडवितात. वस्त्रे धुणे आणि मेंढरे राखणे हा त्यांचा परंपरागत उद्योग. तोच घटकाभर उपासनेचे अंग बनतो. पालखी विसावते, पण पंढरीचे अनुसंधान सुटत नाही.

तुकोबांच्या अभंगांचा सेतू ओलांडून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी टिळकांची स्वतःची साक्ष आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. फुलांत व मुलांत रमणारे हे मन भक्तीत एकाग्र कसे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु टिळकांच्या ठायी फूल आणि मूल ही काटेवाडीच्या पायघड्यांसारखी आहेत : ती वाट अडवीत नाहीत, वाटेवर अंथरली जातात. त्यांना खरा धोका वाटला तो अन्यत्र. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. धर्मकार्याचे वेतन व पंथाची चौकट हीदेखील चित्त विचलित करू शकतात, ही जाणीव ह्या कृतीच्या मुळाशी दिसते. बन्यनच्या बाजारात ह्या मोहाचे दुकान शोधूनच काढावे लागेल.

तरीही टिळकांच्या एकनिष्ठेचे मूल्यमापन केवळ त्यांच्या अभंगांवरून करणे अपुरे ठरते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) त्याची दुसरी बाजू दाखवितात. पतीच्या धर्मांतरानंतर त्यांना काही वर्षे विभक्त राहावे लागले आणि त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. एकाच्या निश्चयाचा भार दुसऱ्याने वाहिला, हे सत्य तेथे कोठेही झाकलेले नाही. यात्रिकाच्या पत्नीची यात्रा बन्यनने १६८४ च्या दुसऱ्या भागात स्वतः सांगितली. लक्ष्मीबाईंनी आपली यात्रा आपणच सांगितली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने कौल दिल्यावर, आणि पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले तेही घरसंसार सांभाळून.

म्हणून ‘अभंगांजली’ आणि ‘स्मृतिचित्रे’ हे ग्रंथ अभ्यासकाने एकत्र वाचावेत, असे सुचवावेसे वाटते. पहिल्यात चित्ताची एकाग्रता आहे. दुसऱ्यात तिचे मोल आहे. कानांत बोटे न घालता, मागून येणाऱ्या हाका ऐकत ज्याला चालता आले, त्याचीच निष्ठा कसास उतरली असे म्हणावे लागेल. ह्या कसोटीवर लक्ष्मीबाईंचे पारडे, आमच्या मते, टिळकांहून जड आहे.