'मेरिट'ला जात असते का?

'आम्ही जात बघत नाही, मेरिट बघतो.' पीएचडी प्रवेशाच्या गप्पांत हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते इतकं निरागस का वाटतं, हे समजून घ्यायचं तर अजंता सुब्रमण्यन यांचं 'द कास्ट ऑफ मेरिट' (२०१९) वाचा. मानववंशशास्त्रज्ञ असलेल्या सुब्रमण्यन यांनी आयआयटी मद्रासचा अभ्यास केला, जुनी कागदपत्रं चाळली, माजी विद्यार्थ्यांशी बोलल्या. त्यांचं म्हणणं असं: पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या सवर्ण घरांतून आलेला फायदा 'स्वतःची हुशारी' म्हणून खपतो, आणि जात चिकटते ती फक्त राखीव जागेवर आलेल्याला.

मांडणी पटते. पण पुस्तकातले विद्यार्थी मुख्यतः बीटेकचे आहेत. संशोधनात शिरताना लेखी परीक्षेच्या पुढे आणखी एक दार असतं, ते म्हणजे मुलाखत. त्याबद्दल पुस्तकातून फारसं हाती लागत नाही.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली, तर लेखीला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश असतो. लेखीत निदान उत्तरपत्रिका तरी उरते. मुलाखतीत 'आत्मविश्वास कमी वाटला', 'इंग्रजी कच्चं आहे' एवढ्यावरही गुण जाऊ शकतात. आणि ही दोन्ही घरातून मिळालेली भांडवलं आहेत.

म्हणून पुस्तक मिटल्यावर आपापल्या विभागात एवढंच विचारा: ते ३० टक्के कशाकशाचे, हे मुलाखतीआधी लिहून ठेवलेलं असतं का?