दागिन्याची पाठ

दागिन्यांवर लिहिणारे बहुतेक लेखक दागिन्याच्या दर्शनी बाजूवर लिहितात. हे स्वाभाविकच आहे. दागिना घडवला जातो तो दिसावा म्हणून. पण आपल्या घरातल्या जाणत्या बायका सराफाच्या पेढीवर काय करतात ते आठवून पाहा. दागिना हाती आला की त्या आधी तो उलटा करतात. डाग नीट दिला आहे का, फासा घट्ट बसतो का, कुडीच्या फिरकीचे आटे शाबूत आहेत का, हे सारे पाहून झाले म्हणजे मग पुढच्या नक्षीकडे वळतात. कलेच्या टीकाकाराने ही सवय त्यांच्याकडून उचलावी असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. आज दिवाळीच्या निमित्ताने, घरोघर दागिन्यांच्या पेट्या उघडल्या असताना, मी तेच करून पाहणार आहे. दागिना मात्र आपल्या पेटीतला नाही. तो आहे मध्ययुगीन युरोपात खांद्यावरचे प्रावरण अडकवण्यासाठी वापरला जाणारा ब्रोच, आणि नाटक-सिनेमांसाठी व ऐतिहासिक वेषांच्या हौसेसाठी आज पुन्हा घडवली जाणारी त्याची नक्कल.

आपले बहुतेक दागिने शरीराच्या आधाराने राहतात. कान टोचून कुडी, नाक टोचून नथ, गळा वेढून ठुशी. ब्रोच टोचतो तो कापडाला. म्हणून कापड कसले होते हे कळल्याखेरीज ब्रोचचे रसग्रहण करता येत नाही. आठव्या शतकातला आयरिश सरदार जे पांघरत असे त्याला ‘ब्रात’ म्हणत. ब्रात म्हणजे लोकरीचा एक लांबरुंद चौकोन. त्याला शिवण नाही, बाही नाही, गुंडी नाही. न शिवलेले वस्त्र आपल्याला नवे नाही. धोतर-लुगडे आपण निऱ्या घालून खोचतो, उपरणे खांद्यावर टाकून मोकळे सोडतो. पण जाड, पावसात भिजून जड होणारी, वाऱ्याने ओढली जाणारी लोकर खोचून राहत नाही, आणि तिची गाठ मारावी तर खांद्यावर गाठोडे होते. तिला काटाच हवा.

त्या लोकांनी या काट्यासाठी जी युक्ती काढली तिच्याइतकी साधी आणि चतुर युक्ती मी क्वचितच पाहिली आहे. धातूचे एक कडे घ्यायचे, पण ते पुरते मिटवायचे नाही. एका जागी खिंड ठेवायची. कड्यावर एक लांब काटा सैल ओवायचा, तो कड्यावरून सरकेल असा. कड्याची दोन्ही टोके जरा फुगीर करायची, म्हणजे काटा निसटत नाही. आता कापडाचे दोन पदर एकत्र धरून काटा त्यांतून आरपार काढा, त्याचे टोक खिंडीतून वर घ्या, आणि कडे थोडे फिरवा. झाले! काटा कड्यावर टेकतो आणि प्रावरणाचे वजनच त्याला कड्यावर दाबून धरते. स्प्रिंग नाही, बिजागरी नाही, कुलूप नाही. जे ओझे धरायचे त्या ओझ्यालाच राखणीला बसवले आहे. कापड जितके जड, तितकी पकड पक्की.

एवढे समजले की कड्याची दोन फुगीर टोके नक्षीने का भरली जातात तेही समजते. तिथे धातू रुंद असावा लागतो; म्हणून तिथे कारागिराला जागा सापडते. अलंकार हा कामाच्या पोटातून जन्माला आला आहे. उत्तम ब्रोचची ही पहिली खूण.

अलंकार आला की त्याच्यामागून दर्जा येतोच. इटलीत रावेन्ना येथील सान व्हिताले या चर्चमध्ये (त्याची प्रतिष्ठापना इ. स. ५४७ मधली) सम्राट जस्टिनियनचे मोझाइक चित्र आहे. सम्राटाचे जांभळे प्रावरण उजव्या खांद्यावर अडकवलेले आहे, आणि तिथे रत्नांचा एक वाटोळा, लोलक लोंबणारा ब्रोच आहे. शेजारच्या दरबाऱ्यांचे ब्रोच त्याच जागी, पण साधे. प्रावरण उजव्या खांद्यावर अडकवले की ते डाव्या अंगावरून पडते आणि उजवा हात मोकळा राहतो. तलवार धरणाऱ्या हाताची ही सोय पुढे राजचिन्ह झाली. आयर्लंडच्या जुन्या कायद्यात तर दुसऱ्या घरी वाढायला ठेवलेल्या राजपुत्रांनी कोणते ब्रोच लावावेत हेही सांगितले आहे: थोर राजाच्या मुलांना स्फटिक बसवलेले सोन्याचे, लहान राजाच्या मुलांना चांदीचे पुरेत. त्याच कायद्याची दुसरी तरतूद मला अधिक आवडते. ब्रोचच्या काट्याने दुसऱ्याला इजा झाली, पण काटा फार बाहेर आलेला नव्हता, आणि पुरुषाने तो खांद्यावर किंवा स्त्रीने छातीवर रीतीप्रमाणे लावला होता, तर दोष लावणाऱ्याचा नाही. ज्या समाजाला असा नियम करावा लागला, त्याचे दागिने खरोखर टोचत असले पाहिजेत! मोनास्टरबॉइस येथील म्युरेदाखच्या दगडी क्रूसावर सैनिकांनी धरलेला ख्रिस्त कोरला आहे. त्याच्याही खांद्यावर शिल्पकाराने आयरिश ब्रोच लावला आहे. देवाला मान द्यायचा तर तो आपल्याच देशीच्या चिन्हाने, ही भावना आपल्याला समजायला जड जाऊ नये. आपण विठोबाला पागोटे बांधतोच.

या परंपरेतला सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातला ‘तारा ब्रोच’. तो इ. स. ७०० च्या आसपासचा. कड्याचा व्यास केवळ ८.७ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहातात मावेल एवढा. त्या जागेत सोन्याच्या तारेचे प्राणी एकमेकांत गुंतलेले आहेत, मध्ये मध्ये अंबर आणि रंगीत काच बसवली आहे. तार इतकी बारीक की डोळा थकतो, पण कुठे अडखळत नाही. आणि मग आपण तो उलटा करतो. पाठही तितकीच भरलेली! पुढे सोने झगमगते, तर मागे तांब्या-चांदीच्या पत्र्यावर शंखावर्तासारख्या रेषा शांतपणे वळत जातात. ही बाजू ब्रोच लावला की कापडाला टेकणार, कुणाला दिसणार नाही. तरीही ती घडवली; किंबहुना पुढच्याहून अधिक संयमाने घडवली. मला पुढच्या बाजूत कारागिराचे कौशल्य दिसते, मागच्या बाजूत त्याची श्रद्धा दिसते.

असे असूनही माझी एक तक्रार आहे, आणि ती न सांगणे हा त्या कारागिराचा अपमान होईल. तारा ब्रोचच्या कड्याला खिंड नाही. जिथे ती असायची तिथे नक्षीचा पत्रा आडवा भरून कडे मिटवून टाकले आहे. खिंड मिटली की काटा वर घेऊन कडे फिरवणे गेले, आणि ओझ्यालाच राखण करायला लावणारी ती युक्तीही गेली. मग ब्रोच जागचा हलू नये म्हणून दुसरे काहीतरी हवे; तारा ब्रोचच्या बाजूला चांदीच्या तारेची विणलेली साखळी आहे ती बहुधा त्यासाठीच. साखळी अतिशय सुंदर आहे. तिच्या जोडाशी काचेचे दोन इवलेसे मानवी चेहरे आहेत. (या विणीला पाश्चात्त्य पुरातत्त्वज्ञ ‘ट्रिचिनोपॉली’ म्हणतात. नाव आपल्या तिरुचिरापल्लीच्या साखळ्यांवरून पडले. वीण मात्र तिथून गेलेली नव्हे.) पण साखळी ही कबुली आहे. शोभेला अधिक जागा मिळावी म्हणून कामाची जागा बुजवली, त्याची भरपाई बाहेरून करावी लागली. तारा ब्रोच हे एका कलेचे शिखर आहे खरे, पण शिखरावरूनच उतार सुरू होतो.

पाठीचे महत्त्व पटवणारी आणखी एक वस्तू एडिंबरोच्या संग्रहालयात आहे. स्कॉटलंडमधल्या हंटरस्टन येथे सापडलेला हा ब्रोच ताराचाच सख्खा भाऊ शोभावा असा, त्याच काळातला. त्याच्या पाठीवर दोनएकशे वर्षांनंतर, दहाव्या शतकात, कुणी तरी नॉर्स लोकांच्या रून लिपीत ओरखडले: हा ब्रोच मेलब्रिग्दाचा. लिपी समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांची, नाव मात्र केल्टिक. लढाया झाल्या, माणसे मिसळली, आणि दोन समाजांचा तो मिलाफ एका दागिन्याच्या मागच्या बाजूला एका ओळीत राहिला. आपल्या आजीने तांब्याच्या बुडाशी नाव घालून घेतले त्याच ममत्वाने मेलब्रिग्दाने हे केले असावे. पुढची बाजू सरदाराची, पाठ माणसाची!

आता एक उलट उदाहरण. ब्रिटिश म्युझियममधला ‘फुलर ब्रोच’ हा नवव्या शतकाच्या अखेरचा, चांदीवर काळी मीनागिरी केलेला इंग्लिश ब्रोच. त्यावर पाच इंद्रिये माणसांच्या रूपाने कोरली आहेत. चव तोंडात हात घालते, ऐकणे कानाशी हात नेते, स्पर्श हातावर हात घासतो, वास हात मागे घेऊन झाडांमध्ये उभा राहतो. आणि मधोमध, मोठाले डोळे वटारून, दृष्टी. कल्पना किती प्रसन्न आहे! वस्तू इतकी सुस्थितीत होती की तज्ज्ञांनी बराच काळ ती बनावट ठरवली होती; इ. स. १९५२ मध्ये ती म्युझियमकडे आली. पण तिच्या पाठीवरचा काटा मात्र नाहीसा झाला आहे, आणि पुढे कधीतरी लटकवण्यासाठी वर भोके पाडली गेली. आज आपण पाहतो ते एक सुंदर चित्र. पाचही इंद्रिये जागी, आणि ब्रोचचे स्वतःचे इंद्रिय, ज्याने तो कापड ओळखत होता, तेवढे हरपलेले.

काटा आणि शोभा यांची कायमची ताटातूट झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि योगायोग असा की तारखा अगदी जवळजवळ आहेत. १० एप्रिल १८४९ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने सेफ्टी पिनचे पेटंट घेतले. तारेचा एक वेढा, एक टोपण. प्राचीन युरोपातल्या फिब्युला नावाच्या काट्याचीच ही नवी आवृत्ती. ऑगस्ट १८५० मध्ये आयर्लंडच्या बेटिस्टाउन येथे तारा ब्रोच सापडला. धरण्याचे काम पिनेने घेतले; ती स्वस्त झाली, घरोघर गेली, आपल्याकडे पदराला लागली आणि उरलेल्या वेळी बांगडीत अडकून बसली. शोभेचे काम ब्रोचकडे राहिले. डब्लिनचा जवाहिऱ्या जॉर्ज वॉटरहाउस याने ताराच्या टेकडीशी काही संबंध नसताना ‘तारा’ हे राजेशाही नाव दिले, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ब्रोच मांडला, आणि त्याच्या प्रतिकृती विकल्या. त्या बायकांच्या शालींसाठी होत्या. शाल हलकी, म्हणून काटा आखूड. इथून पुढे ब्रोच पाठ नसलेला चेहरा झाला.

आजच्या वेषभूषेच्या बाजारात मिळणारे ‘मध्ययुगीन’ ब्रोच हे त्या प्रतिकृतींचे नातू. असे काही माझ्या हाती आले आहेत. समोरून पाहावे तर गुंतलेले प्राणी, गाठी, काचेचे खडे. उलटे करावे तर साच्यातली ओबडधोबड पोकळी आणि डिंकाने चिकटवलेली बोटभर पिन. ती साटिनही धरत नाही. मग नाटकातल्या राजाचे प्रावरण आतून टाचलेले असते आणि वर ब्रोच नुसता बसवलेला असतो. प्रेक्षकाला हे दिसत नाही, पण जाणवते. खरे प्रावरण ब्रोचपाशी चुणते, तिथून घड्या किरणांसारख्या पसरतात. टाचलेले प्रावरण पडद्यासारखे लोंबते. तीच गत व्हायकिंग स्त्रियांच्या कासवाच्या पाठीसारख्या ब्रोचची. ते जोडीने, दोन्ही खांद्यांखाली, झग्याचे पट्टे धरण्यासाठी असत. जोडीतला एकच उचलून तो योद्ध्याच्या प्रावरणाला लावणे म्हणजे एका कानातली कुडी काढून पागोट्याला खोचणे! दोन चकत्यांमध्ये साखळी ताणून प्रावरण गळ्याशी बांधतात तेही असेच. साखळी सारे ओझे गळ्यावर आणते. तेराव्या शतकात युरोपात प्रावरण छातीवरच्या दोरीने बांधत, तेव्हाच्या पुतळ्यांत स्त्री-पुरुष त्या दोरीत बोट अडकवून ती पुढे ओढून धरताना दिसतात. ओझ्याच्या त्रासातून एक ऐटदार लकब जन्मली. आमच्या नटाला ती लकब सुचणार कशी? त्याच्या प्रावरणाला ओझेच नाही.

सगळेच नवे काम असे नाही. काही कारागीर काटा ठोकून घडवतात, कड्याला खिंड ठेवतात, लोकरीवर लावून पाहतात. त्यांच्या ब्रोचवर नक्षी थोडी असली तरी मी त्यांनाच वरचे स्थान देईन. इतिहासाची नक्कल करायची तर त्याच्या हाताची करावी. केवळ चेहऱ्याची केली तर ती सोंगाच्या पलीकडे जात नाही. कारण जुन्या वस्तूंत आपण शोधतो ते नुसते सौंदर्य नसते. ओझे कसे पेलावे, उजवा हात मोकळा कसा ठेवावा, न दिसणारी बाजूही का घडवावी, हे शहाणपण त्यांच्यात साठवलेले असते. नक्षी साच्यातून उतरते. हे शहाणपण प्रत्येक पिढीला स्वतः घडवावे लागते. तेव्हा या दिवाळीत पेटी उघडाल तेव्हा प्रत्येक दागिना एकदा उलटा करून पाहा, आणि मुलांनाही तसा पाहू द्या. ज्या सोनाराने तिथेही हात राखून ठेवला नाही, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल. पण त्याची ओळख तिथेच पटेल.